रूट ३ वरचा प्रकाश

कॅनडाच्या सीमेवरून दक्षिणेकडे उतरणारा ‘यू. एस. रूट ३’ हा महामार्ग अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू हॅम्पशायर राज्यात कनेक्टिकट नदीशी गाठ घालतो आणि कोलब्रूकपासून लँकेस्टरपर्यंत बहुतांश तिच्या काठाकाठानेच जातो. नदीपलीकडे व्हर्माँट राज्याचे डोंगर, अलीकडे गवताची कुरणे, एके काळी कागद गिरणीवर जगलेले ग्रोव्हटनसारखे गाव आणि दोन वस्त्यांच्या मध्ये पसरलेले दाट जंगल असा हा मुलूख आहे. दिवसा तो डोळे निववतो; रात्री मात्र गाडीच्या दिव्यांत उजळलेला डांबरी पट्टा सोडला, तर अंतराचा अंदाज घ्यायला नजरेला काहीच आधार उरत नाही. याच रस्त्याचा जो भाग लँकेस्टरहून व्हाइट माउंटन्स या पर्वतराजीत चढतो आणि फ्रँकोनिया नावाच्या खिंडीतून पलीकडे उतरतो, त्याचे नाव परग्रहवासीयांविषयीच्या साऱ्या लेखनात पुन्हा पुन्हा येते, कारण १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री या वाटेने घरी परतणाऱ्या एका पतिपत्नींनी आकाशात एक प्रकाश पाहिला, आणि त्या प्रकाशाची पुढे जी हकीगत झाली तिने ‘परग्रहवासीयांनी केलेले अपहरण’ या कल्पनेला आजचा आकार दिला.

मराठीत ज्याला उडती तबकडी म्हणतात, ती कल्पना तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. २४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर या शिखराजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या; त्यांची चाल पाण्यावर टप्पे घेत जाणाऱ्या बशीसारखी होती, असे वर्णन त्याने केले, आणि वृत्तपत्रांनी ते वर्णन चालीचे न ठेवता आकाराचे करून टाकले. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाने अशा वृत्तांची छाननी सुरू केली. या छाननीचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ हा सर्वांत दीर्घ टप्पा १९६९ साली बंद झाला, तेव्हा नोंदलेल्या एकूण १२,६१८ घटनांपैकी ७०१ घटनांचा उलगडा झालेला नव्हता. हवाई दलाने रूढ केलेली ‘अज्ञात उडती वस्तू’ ही संज्ञा, जिचे इंग्रजी आद्याक्षरांचे रूप ‘यूएफओ’ असे आहे, याच कामातून प्रचारात आली.

ते दांपत्य म्हणजे पोर्ट्समथ या बंदराच्या गावी राहणारे बार्नी आणि बेटी हिल. बार्नी हे बॉस्टनच्या टपाल खात्यात रात्रपाळीला होते आणि त्यासाठी दररोज दीर्घ प्रवास करत. बेटी या राज्य शासनाच्या बालकल्याण विभागात समाजसेविका होत्या. दोघेही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेत सक्रिय होते. बार्नी कृष्णवर्णीय आणि बेटी श्वेतवर्णीय होत्या, आणि ही गोष्ट त्या रात्रीच्या विचारात गौण मानता येत नाही, कारण १९६१ साली अमेरिकेच्या अनेक राज्यांत असा विवाह कायद्याने निषिद्ध होता आणि ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडीत काढली. नायगारा धबधबा आणि माँट्रियल पाहून ते परतत होते. १९५७ च्या बनावटीची शेव्हरोले बेल एअर गाडी, सोबत डेल्सी नावाची कुत्री, आणि कोलब्रूकच्या उपाहारगृहातून रात्री दहाच्या सुमारास निघाल्यावर पहाटे अडीच-तीनपर्यंत घरी पोहोचण्याचा अंदाज, अशी त्या प्रवासाची मांडणी होती.

लँकेस्टर मागे पडल्यावर बेटी यांना चंद्राजवळ एक ठळक तारा आणि नंतर त्याहून तेजस्वी असा आणखी एक प्रकाश दिसला, जो स्थिर न राहता सरकत आहे असे त्यांना वाटू लागले. बार्नी यांनी तो आधी कृत्रिम उपग्रह असावा असे मानले, मग प्रवासी विमान असावे असे. त्यांनी अनेकदा गाडी थांबवली, दुर्बिणीतून पाहिले, पुन्हा गाडी चालू केली, आणि दर वेळी तो प्रकाश गाडीच्या सोबतच असल्याची त्यांची खात्री वाढत गेली. खगोलशास्त्रीय गणिताने आज निश्चित सांगता येते की, त्या रात्री शुक्ल पक्षातला मोठा चंद्र नैऋत्येला कलत होता आणि गुरू व शनी हे दोन्ही ग्रह त्याच्या आसपास होते. रॉबर्ट शेफर या चिकित्सक अभ्यासकाने याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे: चंद्राजवळ दोन ग्रह आणि तिसरी अनोळखी वस्तू असती, तर बेटी यांना तीन प्रकाश दिसायला हवे होते, पण त्यांनी दोनच सांगितले.

गुरूसारखा सर्वांना परिचित ग्रह दोन सुजाण, सुशिक्षित माणसांना पाठलाग करणारे यान कसा वाटू शकतो, हा प्रश्न टिंगलीत काढून टाकण्यासारखा मुळीच नाही, आणि ज्याला रात्रीचा प्रवास खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा आहे त्याने तर इथे थांबलेच पाहिजे. धावत्या गाडीतून पाहताना जवळच्या वस्तू झपाट्याने मागे पडतात आणि दूरच्या संथपणे सरकतात. निरीक्षकाची जागा बदलली की वस्तूची दिशा बदललेली भासते, या फरकाला पराशय म्हणतात, आणि याच फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. साठ कोटी किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या गुरूला असा पराशय जवळपास शून्य असतो, म्हणून रस्त्याकडेची झाडे मागे पळत असताना तो जागचा हलत नाही. आणि ज्या वस्तूने मागे पडायला हवे ती मागे पडत नाही, याचा अर्थ मेंदू असा लावतो की ती गाडीच्याच वेगाने बरोबर येत आहे. गाडी थांबली की ती थांबते, निघाली की निघते. त्यात हा रस्ता सरळ नाही. ट्विन माउंटन या वस्तीजवळ तो नैऋत्येकडे वळतो आणि खिंडीत पुन्हा दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे आकाशातला स्थिर बिंदू कधी समोरच्या काचेच्या डाव्या बाजूला, कधी उजव्या बाजूला येतो, डोंगराच्या सोंडेआड जातो आणि पुढच्या वळणावर अनपेक्षित ठिकाणी प्रकटतो. थांबून पाहिले तरी सुटका नाही, कारण काळ्या पार्श्वभूमीवर एकट्या स्थिर बिंदूकडे रोखून पाहत राहिले की तो आपोआप सरकू लागल्याचा भास होतो. दुसऱ्या महायुद्धात रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना या भासाविषयी मुद्दाम सावध केले जात असे. हातात धरलेली दुर्बीण थरथरते आणि ते कंपही त्या प्रकाशाच्या खाती जमा होतात. यांपैकी एकही गोष्ट पाहणाऱ्याच्या मूर्खपणाची किंवा खोटेपणाची निदर्शक नाही; निरोगी डोळा आणि निरोगी मेंदू यांच्या कामाचीच ही रीत आहे.

फ्रँकोनियाची खिंड स्वतःच मोठी देखणी आहे. एका बाजूला कॅनन पर्वताचा सुमारे १,२४० मीटर उंचीपर्यंत चढणारा कडा, दुसऱ्या बाजूला लाफायेत शिखराची रांग आणि मध्ये छोटी तळी अशी तिची रचना असून, कॅनन पर्वतावर उत्तर अमेरिकेतला पहिला प्रवासी हवाई रज्जुमार्ग १९३८ साली सुरू झाला. कातळातल्या ज्या मानवी मुखाकृतीमुळे ही खिंड प्रसिद्ध होती आणि जिचे चित्र राज्याने आपले चिन्ह म्हणून मिरवले, ती आकृती ३ मे २००३ रोजी ढासळली. हिल दांपत्य गेले तेव्हा येथे साधा दुपदरी रस्ता होता. पुढे आंतरराज्य महामार्ग आणण्याचे ठरले, तेव्हा निसर्गरक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनी दीर्घ लढा दिला आणि १९८८ साली पूर्ण झालेला मार्ग दोन्ही दिशांना एकेकच पदर असलेला, कमी वेगाचा असा ठेवण्यात आला. त्या लढ्याबद्दल प्रवाशाने कृतज्ञ राहावे, कारण खिंड आजही खिंडीसारखी वाटते. लेखक जेम्स मॅकडोनाल्ड यांनी हिल दांपत्याच्या वर्णनाशी रस्ता ताडून असे मत मांडले की, कॅनन पर्वताच्या माथ्यावरचा दिवा या वळणांवरून जसा दिसतो, दडतो आणि बाजू बदलतो, त्याच्याशी त्यांनी सांगितलेल्या हालचाली पुष्कळशा जुळतात. गुरू आणि डोंगरमाथ्यावरचा दिवा ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. दीड-दोन तासांच्या प्रवासात, डोंगराआड लपून परत दिसणारा प्रत्येक प्रकाश तोच पूर्वीचा, असे धरून चालणे सर्वांत सोपे असते.

खिंड उतरल्यावर इंडियन हेड नावाचा, तोही मुखाकृतीसाठी ओळखला जाणारा, कातळ लागतो आणि तिथेच या हकीगतीचा सर्वांत अवघड भाग येतो. तो प्रकाश प्रचंड आकाराच्या चपट्या यानाच्या रूपात रस्त्यावर अगदी खाली आला, असे दोघांनी सांगितले. बार्नी यांनी भर रस्त्यात गाडी उभी केली, दुर्बीण घेऊन ते शेतात शिरले, आणि खिडक्यांच्या रांगेतून आपल्याकडे पाहणाऱ्या गणवेशातल्या आकृती त्यांना दिसल्या. ‘हे आपल्याला पकडणार’ या भयाने ते धावत परतले आणि गाडी भरधाव निघाली. काही क्षणांत गाडीच्या मागच्या भागावर ‘बीप-बीप’ असा तालबद्ध आवाज झाला, दोघांना गुंगी आल्यासारखे वाटले, आणि तसाच आवाज पुन्हा ऐकू आला तेव्हा ते अ‍ॅशलँडच्या आसपास, पन्नासहून अधिक किलोमीटर पुढे होते. आकृती पाहिल्याचा हा भाग ग्रहांच्या स्थितीने उलगडत नाही, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. तो बार्नी यांनी हवाई दलाला सांगितला नाही. मात्र महिन्याभराने घेतलेल्या मुलाखतीत तो आहे, म्हणजे १९६४ साली दोघांवर झालेल्या संमोहनातून तो उपजलेला नाही.

साक्षीदार प्रामाणिक असूनही वर्णने किती दूर जाऊ शकतात, याचे जवळचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून, तसेच मध्य प्रदेश व गुजरातच्या काही भागांतून, पेटत्या तुकड्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. कोणी ती उल्का म्हटली, कोणी विमानाला आग लागली म्हटले, कोणी क्षेपणास्त्र. आणि जिथे काही पिढ्यांपूर्वी अशा दिवट्यांना वेताळाची पालखी म्हटले गेले असते, त्या महाराष्ट्रात हजारो मोबाइलमध्ये तिचे चित्रण झाले. पण त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले आणि परिसरात गोळेही मिळाले; फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा कक्षेत राहिलेला टप्पा वातावरणात परतताना जळाला, असा निष्कर्ष अंतराळाचा मागोवा ठेवणाऱ्या अभ्यासकांनी काढला. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर या वेगाने येतात आणि बहुधा काही क्षणांत विझतात, तर कक्षेतून घसरणारा अग्निबाण सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ क्षितिजाला समांतर जळत येतो, म्हणून तो मिनिटभर किंवा अधिक वेळ दिसत राहतो. विदर्भातल्या लोकांनी ‘सावकाश’ असे जे सांगितले ते अगदी बरोबर होते. त्यांच्या निरीक्षणाचे भाग्य एवढेच की आकाशातली वस्तू जमिनीवर आली. फ्रँकोनियात असे काही हाती लागले नाही, आणि म्हणून तिथली घटना निरीक्षकांच्या आठवणीतच वाढत राहिली.

ती कशी वाढली याचा क्रम तपशिलाने उपलब्ध आहे. २१ सप्टेंबरला बेटी यांनी जवळच्या पीझ हवाई तळाला दूरध्वनी केला आणि तिथल्या अहवालात गुरू ग्रहाची शक्यता नोंदवली गेली. काही दिवसांतच त्यांनी तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका खासगी संस्थेला पत्र लिहिले. दरम्यान सलग पाच रात्री त्यांना अशी स्वप्ने पडली की, ठेंगण्या माणसांनी रस्ता अडवून दोघांना यानात नेले आणि तपासले. २१ ऑक्टोबरला बॉस्टनच्या तारांगणातील वॉल्टर वेब यांनी दोघांची अनेक तास मुलाखत घेतली. प्रवासाला अपेक्षेपेक्षा दोनेक तास अधिक लागले, ही शंका मात्र नोव्हेंबरमध्ये आलेल्या चौकशीकर्त्यांनी उपस्थित केली. त्यानंतर बार्नी यांची प्रकृती आणि मनःस्वास्थ्य ढासळत गेले, आणि जानेवारी ते जून १९६४ या काळात बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना स्वतंत्रपणे संमोहित करून त्या रात्रीविषयी विचारले. बंदिवास, वैद्यकीय तपासणी, वेढून जाणारे डोळे असलेले चेहरे, हे सारे तिथे प्रकट झाले. १९६५ साली एका बॉस्टन वृत्तपत्राने ही कथा छापली आणि १९६६ साली जॉन फुलर यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली.

संमोहनाविषयी एक समज फार रुजला आहे की, त्यात दडलेली स्मृती अविकृत रूपात बाहेर येते. प्रत्यक्षात संमोहित अवस्थेत कल्पना आणि स्मृती यांच्यातली सीमा पुसट होते आणि जे बाहेर येते त्यावरचा विश्वास मात्र दृढ होतो. डॉ. सायमन यांना हे पुरते ठाऊक होते. दोघे खोटे बोलत नाहीत असे त्यांचे मत होते, परंतु अपहरणाचा वृत्तांत बेटी यांच्या स्वप्नांतून निर्माण झाला आणि बार्नी यांनी ती स्वप्ने ऐकली असल्याने त्यांच्या मनातही उतरला, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यासक मार्टिन कॉटमायर यांनी नंतर दाखवून दिले की, बार्नी यांनी ज्या डोळ्यांचे वर्णन केले तसे डोळे असलेला परग्रहवासी त्याआधी दोनच आठवडे दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत दिसला होता. बेटी यांनी ती मालिका पाहिल्याचे नाकारले. या साऱ्यापेक्षा अधिक खोल वाटते ते बार्नी यांनी संमोहनात त्या दिवसाविषयी सांगितलेले इतर काही: कोलब्रूकच्या उपाहारगृहातल्या नजरांची धास्ती, रात्री निवाऱ्याला जागा नाकारली जाईल ही भीती, आणि खिडकीतल्या एका चेहऱ्यात भासलेला नाझी. ज्या माणसाला आयुष्यभर अनोळखी नजरांचा अर्थ लावत जगावे लागले, त्याने निर्जन रस्त्यावर वरून पाहणाऱ्या गणवेशधाऱ्यांत कोणते भय ओळखले असेल, हा प्रश्न गुरू ग्रहाच्या स्थानाहून कमी महत्त्वाचा नाही. तबकड्यांच्या समर्थकांनी आणि खंडनकर्त्यांनी तो दीर्घ काळ बाजूला ठेवला, ही त्या वाङ्मयातली मोठी उणीव आहे.

बेटी यांनी संमोहनानंतर कागदावर काढलेल्या एका तारकानकाशाचाही इथे उल्लेख करावा लागतो. ओहायो राज्यातील मार्जरी फिश यांनी मणी आणि दोरे यांच्या साहाय्याने जवळच्या ताऱ्यांची त्रिमित प्रतिकृती उभारून त्या नकाशातले मूळ ठिकाण झीटा रेटिक्युली हा सुमारे ३९ प्रकाशवर्षे दूरचा जोडतारा असल्याचे सुचवले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि स्टीव्हन सोटर यांनी त्यावर घेतलेला आक्षेप निर्णायक वाटतो: निवडीला पुरेशी मोकळीक असली, तर अनेक बिंदूंमधून हवा तो आकृतिबंध काढता येतो. हा तारा न्यू हॅम्पशायरच्या क्षितिजावर कधीच येत नाही. उलट सावंतवाडीच्या अक्षांशावरून तो हिवाळ्यातल्या रात्री दक्षिण क्षितिजापासून साडेअकरा अंशांपर्यंत चढतो, आणि अंधाऱ्या, स्वच्छ आकाशात तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला साध्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

अ‍ॅशलँडनंतर रस्ता सपाटीला लागतो आणि पुढचा प्रवास काँकर्डवरून पूर्वेकडे वळतो. हिल दांपत्य पहाटे पाचच्या सुमारास घरी पोहोचले. हरवलेल्या दोन तासांचा हिशेब मांडताना वाटेतले अनेक थांबे, आकाश पाहत अतिशय मंद चालवलेली गाडी आणि मुख्य रस्ता सोडून झालेली भरकट यांची बेरीज क्वचितच कोणी केली आहे. रात्रीच्या वाटेवर माणूस फिरत राहतो आणि वेळ कुठे गेला ते कळत नाही, हा अनुभव चकव्याच्या रूपाने मराठी मुलखाला जुना ठाऊक आहे; फरक असा की चकव्याकडे कोणी घड्याळाचा हिशेब मागितला नाही. बार्नी यांचे १९६९ साली, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी निधन झाले, बेटी २००४ पर्यंत जगल्या, आणि २०११ साली राज्याने इंडियन हेडजवळ या घटनेचा ऐतिहासिक फलक उभारला.

फलकाजवळ थांबून पुढे जाणारे बहुतेक प्रवासी पोर्ट्समथच्या अलीकडचे डरहॅम गाव ओलांडून जातात, पण तिथे वळणे अधिक लाभाचे आहे, कारण बेटी ज्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकल्या त्याच्या ग्रंथालयात त्यांची कागदपत्रे आणि त्या रात्रीचा पोशाख जतन केलेला आहे. अभ्यासकाने सुरुवात फुलर यांच्या पुस्तकापासून न करता १९६१ च्या शरद ऋतूतल्या लेखनापासून करावी: आधी बेटी यांचे पत्र, मग वेब यांची मुलाखत, मग स्वप्नांची टिपणे, आणि त्यानंतरच १९६४ च्या संमोहनातले संवाद. या क्रमाने वाचले की कोणता तपशील कोणत्या महिन्यात प्रथम आला ते समासात लिहिता येते, आणि इंडियन हेडच्या शेतात दिसलेल्या आकृती वगळता अपहरणाचा जवळजवळ प्रत्येक तपशील स्वप्नांच्या टिपणांच्या किंवा त्यानंतरच्या रकान्यात जाऊन बसतो.